मार्केसाच्या सुरकुत्या

"उशी बांधा," ओरिआनो म्हणाला.

शिवणघरात स्टुलावर नोएमी उभी होती आणि तिच्या अंगावर गडद जांभळ्या मखमलीचा दरबारी झगा होता. अंगावर म्हणायचं इतकंच. खांद्यावरून तो घसरत होता, कमरेला दोन मुठी कापड जास्त होतं आणि बाह्यांतून बोटांची टोकंसुद्धा बाहेर येत नव्हती. वीस वर्षांची, वेतासारखी सडसडीत पोर ती. भल्याथोरल्या तंबूत चुकून शिरल्यासारखी दिसत होती.

"उशी?" नीवेसने विचारलं. तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या, त्यामुळे शब्द दातांतून बाहेर आला.

"एक पोटाला, एक मागं. छातीलाही काहीतरी लागेल. तुमचं तुम्ही बघा वहिनी, तुम्हाला काय सांगायचं. बाई म्हातारी दिसली पाहिजे, बस्स."

नीवेसने टाचण्या काढून मनगटावरच्या गादीत खोचल्या. "म्हातारी दिसली पाहिजे," ती म्हणाली, "म्हणून या कोवळ्या पोरीला उशा बांधायच्या."

"मग? तुमची मार्केसा साठीची होती ना?"

नीवेस एकसष्ट वर्षांची होती. हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तिच्या साठीचा केक ह्याच कापायच्या टेबलावर कापला होता आणि त्यातला सगळ्यात मोठा तुकडा ओरिआनोनेच हाणला होता.

ओरिआनो हा नीवेसचा धाकटा दीर. तिचा नवरा लेआर्को जाऊन बरीच वर्षं झाली, पण दीर काही गेला नाही; उलट तो विहीरपेठेचा प्रमुख झाला. आमच्या मोंतेलाउरोत चार पेठा. जून महिन्यात चारही पेठा आपापला दरबार घेऊन गावातून मिरवतात. सरदार, निशाणं, सेवकांच्या वेशात चालणारी पोरं, मधोमध चांदवा आणि चांदव्याखाली त्या वर्षीची मानाची बाई. पाचशे वर्षांपूर्वीच्या दरबारात जसा पोशाख असेल तसाच्या तसा. चेन चालत नाही, घड्याळ चालत नाही, चष्मा चालत नाही, नखाला रंग चालत नाही. तोंड उघडलं की गुण कापले, हसलं की गुण कापले. एरवी आम्ही बरी माणसं आहोत. पण जूनमध्ये विहीरपेठेचा न्हावी बुरूजपेठेच्या माणसाची दाढी करत नाही आणि बुरूजपेठेच्या माणसालाही आपली मान त्याच्या हाती द्यायची हिंमत होत नाही.

ह्या सगळ्यात नीवेसचं काम एकच, शिवण. लग्न होऊन पेठेत आली तेव्हापासून चांदव्याखालचा झगा तिच्या हातचा. आणि मिरवणुकीच्या दिवशी ती पायात कॅनव्हासचे बूट घालून, कॉलरला दोरा ओवलेल्या सुया टोचून, बोळाबोळांतून पळायची. मिरवणूक हमरस्त्याने येणार, ही मागच्या बोळातून आधी पोचणार. बाही सुटली असेल, घोळ फाटला असेल तर चार टाके घालणार आणि पुन्हा पुढच्या कोपऱ्याकडे धावणार. इतक्या वर्षांत तिने आपला झगा हमरस्त्यावर चालताना समोरून एकदाही नीट पाहिला नव्हता.

दर हिवाळ्यात गावाच्या इतिहासातली एकेक बाई चिठ्ठी काढून पेठेला देतात. आजवर विहीरपेठेला नवऱ्या आल्या, राजकन्या आल्या, एकदा तर कुणाचीशी बारा वर्षांची वाग्दत्त वधू आली. ह्या वर्षी आली मार्केसा इप्पोलिता, म्हणजे इप्पोलिता सरदारीण. विधवा, साठीची, जिने वेशीच्या किल्ल्या कमरेला लावून वेढ्यात अख्खा हिवाळा गाव सांभाळला. नगरपालिकेच्या जिन्यात तिचं चित्र आहे. दुहेरी हनुवटी, डोळ्यांखाली पिशव्या, पोटावर ठेवलेले दोन जाड हात, आणि समोरच्या माणसाने आत्ताच खोटं सांगितलंय अशी नजर.

शिवणाऱ्या बायका ते चित्र बघायला गेल्या तेव्हा तोस्का, जी नीवेसच्या शेजारीच बसून शिवते, मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, ही तर आपली नीवेस. फक्त चष्मा काढलेला."

सगळ्या हसल्या. नीवेसही हसली. पण ते वाक्य घरी तिच्याबरोबर आलं आणि गेलंच नाही.

आमच्याकडे मानाची जागा कुणी मागत नाही. मागणं म्हणजे पेठेवर अरिष्ट ओढवून घेणं, असं समजतात. वसंतातल्या जेवणाच्या दिवशी पेठप्रमुख बाटली घेऊन लांबलचक टेबलाभोवती फिरतो, बोलत काही नाही, आणि जिच्या पेल्यात वाइन ओततो ती त्या वर्षीची बाई. तेव्हा नीवेस कुणाला काही बोलली नाही. तिने फक्त एक केलं. शिवणघरातला पुतळा पोरींच्या मापाचा. तो तिने कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि झगा स्वतःच्या अंगावर बेतला.

चूक म्हणायची तर हीच. पण माझ्या मते ती चूक नव्हती. तो साधा हिशेब होता. साठीच्या बाईचा झगा साठीच्या बाईला. यात न कळण्यासारखं काय आहे? दरवर्षी ती शिवणीत चांगलं चार बोटं कापड दाबून ठेवायची, कारण पोरी आज बारीक तर उद्या जाड. ह्या वेळी तिने दाबलं नाही. स्वतःच्या पोटाला, स्वतःच्या दंडाला, स्वतःच्या जराशा खाली उतरलेल्या डाव्या खांद्याला लागून कात्री चालवली. आणि मखमलीचं असं आहे की एकदा टाका घातला की जन्माचा. उसवलं तर सुईची भोकं दिसतात आणि चुरगळलेली लव पुन्हा उभी राहत नाही.

वसंतातलं जेवण झालं. रश्श्यातला पास्ता झाला, ससा झाला. ओरिआनो बाटली घेऊन उठला तसं टेबल गप्प झालं. नीवेसने आपला पेला रिकामा केला आणि रुमालाने आतून पुसूनसुद्धा ठेवला. तो तोस्काच्या मागून आला. नीवेसच्या मागे आला. तिच्या खांद्यावर त्याचा हात पडला, आणि तिने पेला जरासा पुढे सरकवला. मग त्याच खांद्यावर भार टाकून तो पुढे वाकला आणि समोर बसलेल्या नोएमीचा पेला त्याने भरला.

टेबलावर टाळ्यांचा कडकडाट झाला. नोएमीने आधी इकडेतिकडे पाहिलं, आपल्या मागे दुसरी कुणी आहे का म्हणून. नीवेसनेही टाळ्या वाजवल्या. काय करणार?

तेव्हा ती गप्प बसली, रीत म्हणून. पण आता तो उशा बांधा म्हणत होता, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ओरिआनो," ती म्हणाली, "एक विचारू? साठीची बाई पेठेत नाही का एखादी?"

खोलीतल्या बायकांनी माना खाली घातल्या. तोस्काची सुई हवेत तशीच राहिली. रीत मोडली होती.

ओरिआनोला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं आणि तो हसला. वाईट हसला असं नाही. लहान मूल पोलीस व्हायचं म्हणतं तेव्हा हसतात तसा हसला, आणि तेच जास्त लागलं.

"वहिनी, तुम्ही? अहो, ह्या वर्षी टीव्हीवाले येणारेत."

"मग?"

"मग काय मग. लोक लांबून बघायला येतात. म्हातारी बघायला कोण येतं? म्हातारी प्रत्येकाच्या घरी आहे."

"पण मार्केसा म्हातारीच होती."

"होती ना! पण बघणाऱ्याला आत एक चेहरा लागतो. वरून म्हातारी, आतून गोड. लोरेदाना करेल की सगळं. केसांना पीठ, तोंडाला सुरकुत्या. तुमचा झगा तर आहेच." त्याने तिचा दंड थोपटला. "तुमच्याशिवाय पेठेचं पान हलत नाही, वहिनी. सगळ्यांना माहितेय."

पान हलत नाही. अशी वाक्यं ज्या माणसाला काही द्यायचं नसतं त्याच्यासाठी राखून ठेवलेली असतात. नीवेसने ती आयुष्यभर ऐकली होती आणि दरवेळी तिला ती खरी वाटली होती. ह्या वेळी तिला जाणवलं की दीर आपल्याला मूर्ख समजतो. आणि त्याहून वाईट म्हणजे, आत्तापर्यंत त्याचं बरोबर होतं.

तरी तिने उशा शिवल्या. हो, शिवल्या. मला विचाराल तर तिने कात्री टेबलावर आपटून घरी निघून जायला हवं होतं. पण ती गेली असती तर त्या मखमलीला दुसऱ्या कुणीतरी हात लावला असता, आणि ते तिला सोसलं नसतं. एक उशी पोटाची, एक मागची, दोन छातीच्या. पिसं भरताना ती तोस्काला म्हणाली, "बघ, माझं पोट मी दोन बाळंतपणं आणि इतक्या वर्षांचा संसार करून मिळवलंय. ह्यांना ते पिशवीत भरून पाहिजे."

"बोलू नकोस, रडशील," तोस्का म्हणाली.

"रडते कशाला. चावेन."

त्यानंतर लोरेदाना आली. ओरिआनोची बायको, नीवेसची जाऊ, चौकातल्या केसांच्या दुकानाची मालकीण. ती नोएमीला घेऊन दाराशी उभी राहिली आणि नीवेस खोलीतून ये-जा करत होती तिकडे बोट दाखवून म्हणाली, "बघ, पाय कसा टाकते ते बघ. आधी कंबर, मग गुडघा. वळताना कशी आख्खी वळते, नुसती मान नाही. अगदी तस्संच करायचं."

"लोरेदाना, मी इथे आहे," नीवेस म्हणाली.

"अगं, कौतुकच करतेय मी. किती नैसर्गिक आहेस तू."

नोएमीचे कान लाल झाले. बेकरीत काउंटरवर काम करणारी साधी पोर ती; नीवेस तिला पाव घेताना रोज बघायची. तिचा ह्यात काय दोष? पण नीवेसला तेव्हा तिचाही राग आला, खरं ते सांगितलं पाहिजे. तिच्या सरळ पाठीचा राग आला, नितळ मानेचा राग आला. रात्री स्वतःचीच लाज वाटली आणि तरीही राग गेला नाही.

मिरवणुकीच्या दिवशी दुपारी ऊन मी म्हणत होतं. शिवणघरात लोरेदानाने नोएमीच्या तोंडावर डिंकाचे थर चढवले, वारा घालून वाळवले, तोंड हलवायला लावून सुरकुत्या पाडल्या, केसांत मूठमूठ पीठ चोळलं. मग ती आणि ओरिआनो स्वतःचे पोशाख घालायला समोरच्या घरात गेली. बाकीच्या बायका सरदारांना आणि पोरांना तयार करायला खाली अंगणात होत्या. वर राहिल्या दोघीच. नीवेसने उशा बांधल्या, झगा चढवला, खांद्यांना बाह्या बांधल्या. आमच्याकडे जुन्या पद्धतीने बाही वेगळीच असते, नाड्यांनी खांद्याशी बांधायची, आणि मधल्या फटींतून आतल्या पांढऱ्या कुडत्याचे फुगे बाहेर काढायचे.

नोएमी दोन पावलं चालली आणि मागची उशी सरकून कमरेच्या एका बाजूला आली. नीवेसने ती जागेवर लोटली. पुन्हा दोन पावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पुढचा घोळ पायात आला आणि पोर टेबलावर आदळली.

"काकू," ती म्हणाली. डिंकामुळे तिला ओठ धड हलवता येत नव्हते. "मला आरशात बघवत नाही. मी म्हातारी नाही दिसत. पिठाच्या पोत्यात पडलेली दिसते."

नीवेसला हे खोटं आहे असं म्हणता आलं नाही.

"एकदा तुम्ही घालून दाखवता का? घोळ कुठे धरायचा ते मला कळत नाहीये. फक्त एकदा, खोलीतल्या खोलीत."

"वेळ नाही, पोरी."

"आहे थोडा. काकू, मी चौकात पडले तर आख्खं गाव बघेल."

आता हा पोशाख एकटीला घालता येत नाही आणि काढताही येत नाही. नाड्या पाठीत असतात, दुसरीचे हात लागतात. नीवेसने तिला सोडवलं, मग नोएमीने नीवेसला बांधलं. पोरीचे हात पावाच्या लाद्या उचलून मजबूत झालेले. तिने एकेक छिद्रातून नाडी ओढून घट्ट केली. मखमल पाठीला टेकली. पोटाला टेकली. उतरलेल्या डाव्या खांद्याला जशी टेकायला हवी तशी टेकली. नीवेसने चष्मा काढून टेबलावर ठेवला, कॅनव्हासचे बूट काढून नोएमीचे दरबारी जोडे पायांत सरकवले, डोक्यावर विधवेची शाल घेतली आणि घोळ एका हाताने असा धरला की जोड्याचं टोक तेवढं दिसावं. मग ती खिडकीपर्यंत गेली आणि आख्खी वळली.

डिंकाच्या सुरकुत्यांतून नोएमीचे गोल डोळे बघत राहिले.

"असा धरायचा घोळ," नीवेस म्हणाली. "कळलं? आता सोड मला."

नोएमीने स्टूल ओढलं आणि त्यावर बसली. पोटाची उशी तिने मांडीवर घेतली.

"काकू, मी नाही सोडत."

"वेड लागलंय का?"

"लागू दे. मला वाइन ओतली म्हणून मी प्यायले. मला कुणी विचारलं का? तुम्हाला तरी कुणी विचारलं का? तुम्ही जा." तिने नाक पुसलं तशी अर्धी सुरकुती हाताला आली. "आईशप्पथ काकू, मी आता पुन्हा ह्या उशा बांधून घेत नाही. तुम्ही गेला नाहीत तर चांदवा रिकामा जाईल."

खाली ढोल वाजला. पहिला इशारा. दुसरा इशारा झाला की रांग बंद. त्यानंतर रांगेत शिरणाऱ्याचे किंवा रांगेतून निघणाऱ्याचे इतके गुण कापतात की पेठेने सरळ घरी जावं. नीवेस दारात उभी राहिली. पेठेचं काय होईल हा विचार तिच्या मनात आला, आला नाही असं नाही. मग तिला आठवला खांद्यावर टेकलेला तो हात. ती जिना उतरली, आधी कंबर, मग गुडघा.

अंगणात कुणाच्या लक्षात आलं नाही. झग्याकडे सगळ्यांची नजर, आणि झगा तर रोजचा ओळखीचा. चांदवा धरणाऱ्या चौघांनी वाट दिली. ती आत शिरली आणि ढोलाचा दुसरा इशारा झाला. पुढे तंग विजारीत, टोपीला मोराएवढं पीस लावून उभा असलेला ओरिआनो मोठ्या तोऱ्यात वळला, दरबार नीट आहे ना बघायला.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"वहिनी." ओठ न हलवता बोलायची कसरत त्याला करावी लागली, कारण अंगणाच्या फाटकाशी परीक्षकांचा माणूस उभा होता. "वहिनी, हे काय आहे? नोएमी कुठाय?"

नीवेसने समोर पाहिलं. मिरवणूक निघाली.

तो मागे मागे येत तिच्या बाजूने चालू लागला. "मागे फिरा. नाही, फिरू नका, गुण जातील. देवा रे. तुम्ही पेठेचं वाटोळं केलंत. ह्या वयात हे थेर? टीव्हीवर माझी काय अब्रू राहील? लेआर्को असता तर त्याला काय वाटलं असतं, विचार केलात?"

लेआर्को असता तर रस्त्यावर लोळून हसला असता. हे सांगायची नीवेसला फार इच्छा झाली. पण तोंड उघडलं की गुण कापले, आणि तिला ह्या झग्याचा एकही गुण घालवायचा नव्हता. तिने ओरिआनोकडे पाहिलंसुद्धा नाही. तो बडबडत राहिला, ती चालत राहिली.

चष्म्याविना तिला फार काही दिसत नव्हतं. पण रस्ता पायाखाली होता, मधोमध, आणि दोन्ही बाजूंना माणसांच्या रंगीत भिंती होत्या. दरवर्षी ज्या बोळांतून ती धावायची त्यांची काळी तोंडं एकामागून एक मागे गेली. झग्याचं ओझं खांद्यावरून कमरेवर आणि कमरेवरून जमिनीवर नीट उतरत होतं; आपण चांगलं बेतलंय हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं, कारण आजवर झग्याच्या आत काय वाटतं हे तिला कधी माहीत नव्हतं. तिला आनंद झाला. राग तसाच होता आणि त्याच्या जोडीला आनंद झाला.

पेठेच्या लोकांनी तिला ओळखलं. तोस्काने ओळखलं, पावाच्या दुकानदाराने ओळखलं, खिडकीतल्या म्हाताऱ्यांनी तर लगेच ओळखलं. पण जूनमधला विहीरपेठेचा माणूस परीक्षकांच्या कानावर काही जाऊ देत नाही. सगळे मूग गिळून उभे राहिले. फक्त एका खिडकीतून कुणीतरी टाळी वाजवली, मग दुसरीतून.

चौकात शिरताना भोंग्यावरून आवाज आला, "विहीरपेठ. मार्केसा इप्पोलिताच्या वेशात, कुमारी नोएमी." छापील कार्यक्रमात तेच नाव होतं. नीवेसच्या कानाशी ओरिआनोचा सुस्कारा ऐकू आला. "बरं झालं," तो पुटपुटला. "गप्प राहा वहिनी, कुणाला कळणार नाही. अगदी गप्प राहा."

चारही पेठा मंचासमोर उभ्या राहिल्या. परीक्षकांचे अध्यक्ष म्हणजे शेजारच्या शहरातल्या नाटकमंडळीतले एक गृहस्थ, पांढरा सूट घातलेले. त्यांनी पुष्कळ आभार मानले. मग निकाल; सगळ्या मिरवणुकीचा शेवटी, आधी झग्यांचा. झग्यात पहिली बुरूजपेठ, सोनेरी जरीच्या नवरीसाठी. विहीरपेठ दुसरी. चालायचंच. नीवेसने डोळे मिटून घेतले आणि उघडले.

"पण," अध्यक्ष म्हणाले, "ह्या वर्षी एक खास बक्षीस द्यायचा मोह आम्हाला आवरला नाही. रंगभूषेचं. मी तीस वर्षं नाटकात काढली, असं काम पाहिलं नाही. एका तरुण मुलीची अशी हुबेहूब म्हातारी! गळ्याचं ते लोंबतं कातडं बघा, डोळ्यांखालच्या पिशव्या बघा. अगदी खरं वाटतं. हातांचं थोडं जास्त झालंय, इतक्या शिरा नसतात. पण तेवढं क्षम्य आहे. विहीरपेठेच्या रंगभूषाकार कोण?"

चौकातल्या परक्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. विहीरपेठेतून एकही टाळी आली नाही. ओरिआनोने मान वळवून बायकोकडे पाहिलं आणि हनुवटीने खूण केली, जा.

आणि लोरेदाना गेली. लाज कशाशी खातात हे त्या नवराबायकोला कधी कळलं होतं म्हणून आज कळेल? झग्याचा घोळ उचलून ती दरबारी थाटात पायऱ्या चढली, वाकली, आणि अध्यक्षांच्या हातातून नक्षीची थाळी तिने घेतली. नीवेसच्या सुरकुत्यांची थाळी. नीवेसने शिवणीत जागवलेल्या रात्री, नीवेसची दुखणी, आजारी लेआर्कोच्या उशाशी काढलेले महिने, सगळं लोरेदानाच्या हातचं काम म्हणून चौकात जाहीर झालं.

नीवेस चांदव्याखालून बाहेर निघाली.

"वहिनी," ओरिआनो म्हणाला. "वहिनी, रांग. गुण जातील."

"जाऊ देत," ती म्हणाली. खणखणीत आवाजात, चौकात ऐकू जाईल असं म्हणाली. परीक्षकांच्या माणसाने लगेच पेन्सिल काढली.

ती मंचाच्या पायऱ्या चढली. मखमल जड होती, पायऱ्या उंच होत्या, कुणी हात दिला नाही आणि तिला नको होता. लोरेदाना थाळी छातीशी धरून बाजूला सरकली. अध्यक्षांना वाटलं पोर आभार मानायला आली. ते कौतुकाने हसत पुढे झाले.

"तुमचा रुमाल द्या," नीवेस म्हणाली.

त्यांनी वरच्या खिशातला घडीचा रुमाल काढला. नीवेसने तो परत त्यांच्याच हातात कोंबला, त्यांचा हात मनगटाला धरून आपल्या गालावर टेकवला.

"घासा."

"काय?"

"घासा. रंग आहे ना? निघेल."

अध्यक्षांनी एकदा हलकेच पुसलं. "जोरात," ती म्हणाली, तेव्हा जोरात पुसलं. मग रुमाल डोळ्यांसमोर धरून पाहिला. त्यावर घाम होता. त्यांनी पुन्हा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, ह्या वेळी जवळून, आणि त्यांचं हसू हळूहळू गेलं. भोंगा चालू होता. चौकात त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"माफ करा, बाई," ते म्हणाले.

"थांबा, झालं नाही अजून." नीवेसने बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. "जास्त झालंय म्हणालात ना. आता हे घासा."